उड्या सरांचा व्हरांडा

उड्या सरांना बसलेला माणूस बघवत नसे. स्टाफरूममध्ये कुणी जरा टेकलं की दारातून आवाज यायचा, "काहून बसले? उठा! बसलं का संपलं!" आणि हे सांगणारा माणूस स्वतः चांगला पोट सुटलेला. पी.टी.चे सर, पण शर्टाचं खालचं बटण लागलेलं मी कधी पाहिलं नाही. 'उड्या सर' हे नाव मुलांनी ठेवलं होतं आणि सरांना ते ठाऊक होतं. "ठेवलं तं ठेवलं. पोट्टे उड्या तं मारून राह्यले ना?" म्हणायचे. मी त्याच शाळेत चित्रकला शिकवते. स्टाफरूममध्ये माझी खुर्ची त्यांच्या शेजारी, त्यामुळे उठबशा सर्वांत जास्त मीच काढल्या.

आमची शाळा वणीत, ऐन रस्त्याला लागून. मैदान आहे, पण नावाला. दिवसभर कोळशाचे ट्रक जातात आणि मैदानावर काळी धूळ बसते. मुलं खेळून घरी गेली की दुसऱ्या दिवशी त्यांच्या आया शर्ट घेऊन भांडायला हजर. त्यात मार्चपासून ऊन असं की पाय पोळतात. शेवटी मधल्या सुट्टीत मैदानाचं फाटक बंद झालं आणि पोरं व्हरांड्यात भिंतीला पाठ लावून बसायला लागली. सरांचा जीव कासावीस व्हायचा. एक दिवस माझ्यापुढे येऊन उभे राहिले. "मॅडम, हा व्हरांडा केवढा लांब आहे! याच्या फरशीवर असं काही काढा का पोट्ट्यायले सरळ चालताच नाही आलं पाह्यजे."

झालं! माझ्या डोक्याला ताप सुरू.

सरांना चित्रातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण मत प्रत्येक रेघेवर. रविवारी मी गुडघे टेकून रंग भरायची आणि हे माझ्या डोक्यावर उभे राहून सूचना द्यायचे. "मॅडम, तो पिवळा जरा हसरा करा ना." आता पिवळा हसरा कसा करतात ते मला तरी कुणी शिकवलं नव्हतं. मी ब्रश आपटला की गप्प व्हायचे, चहा मागवायचे, आणि चहा संपायच्या आत पुन्हा सुरू.

पहिल्यांदा तर आम्ही दोघांनी मिळून माती खाल्ली. खेळता खेळता अभ्यास होईल, हेडसरही खूष होतील, म्हणून सरांनी फरशीभर अक्षरं काढायला लावली. आपल्या नावातली अक्षरं शोधत उड्या मारत जायचं. सोमवारी मधली सुट्टी झाली. पहिल्या पोरीनं एका अक्षरावर पाय ठेवला आणि लगेच वाकून त्या अक्षराला हात लावला, तो कपाळाला लावला. मागचीनंही तेच केलं. नंतरची पोरं तर भिंतीला चिकटून कडेकडेनं निघाली. अहो, पुस्तकाला पाय लागला की नमस्कार करा, हे आम्हीच ना शिकवलेलं? दोघंही शिक्षक, आणि दोघांच्याही डोक्यात हे येऊ नये! मी कपाळावर हात मारला. सर मात्र कंबरेवर हात ठेवून कौतुकानं बघत होते. "पाहा मॅडम, वाकून तं राह्यले! व्यायाम तो व्यायामच." दुसऱ्या दिवशी एक पालक तावातावानं आले, "विद्या पायाखाली घालता का?" म्हणून. पुढचा रविवार मी अक्षरं खरवडण्यात घालवला.

मग आम्ही प्राणी काढले. बेडूक आला की दोन्ही पायांनी उडी, बगळा आला की एका पायावर उभं राहायचं, मांजर आलं की चवड्यांवर चालायचं. भिंतीवर उंच आंबे रंगवले, ज्याचा हात पोचेल त्यानं तोडायचे. प्रत्येक चित्र सर स्वतः उडी मारून तपासायचे. बेडूक तर वाळल्यावर पुसायला लावला. "लांब पडते, मॅडम. पाचवीच्या पोट्ट्याची टांग नाही पुरत." मी इतकी चिडले होते की दिवसभर बोलले नाही. पण त्यांचंच खरं होतं, बेडूक अलीकडे घेतल्यावर बारकी पोरं सुद्धा पोचायला लागली. पी.टी.च्या तासाला नेहमी पोट दुखणारी आठवीतली एक पोरगी रोज आंब्याखाली उड्या मारताना दिसायची. हात पोचत नव्हता, पण ती उठली होती. सर मला खांबामागून दाखवायचे आणि कुजबुजायचे, "आवाज नका करू. तिले समजलं तं लाजन."

मग तक्रारी. हेडसर म्हणाले, "मॅडम, मुलं पळतात." अहो, पळण्यासाठीच काढलंय! "पण गलका होतो." त्यांनी 'व्हरांड्यात पळू नये' अशी पाटी लावायचं ठरवलं आणि ती रंगवायचं काम कुणाला? मलाच! मी संतापून सरांकडे गेले, तर हे शांत. "काढा ना मॅडम. फक्त उंचावर लावा. वाचायसाठी तरी उडी मारतीन."

पायांनी रंग झिजायचा, म्हणून दर उन्हाळ्यात मी तो पुन्हा भरायची. निवृत्तीच्या आदल्या उन्हाळ्यात सर जवळ येऊन उकिडवे बसले. त्यांना बसलेलं मी तेव्हाच पाहिलं. "मॅडम, मी गेल्यावर हे राह्यलं पाह्यजे. बाकी मले शालही नको, नारळही नको." मी म्हटलं, "राहील हो. आता उठा, सावली पडते."

राहिलं कुठलं! ते निवृत्त व्हायचे त्या उन्हाळ्यात त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी गुपचूप बेत केला. जून सरता सरता शाळा उघडली, तर या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढऱ्याशुभ्र टाइल्स, वर आंबे होते तिथे चुना, आणि भिंतीत सरांच्या नावाची संगमरवरी पाटी. 'आमच्या लाडक्या सरांना.' त्यातला एकजण मला आनंदानं सांगत होता, "जुन्या फरशीवर रंगाचे डाग पडले होते मॅडम, बरं नाही दिसत होतं." डाग! हेडसरांना तर सगळं माहीत होतं. त्यांना जाब विचारला, तर म्हणाले, "सरांच्याच सन्मानासाठी केलं ना?"

निरोपाच्या दिवशी सर व्हरांड्यात आले आणि खाली बघत उभे राहिले. मग त्या जुन्या विद्यार्थ्यांच्या पाठी थोपटल्या. "लय छान केलं रे." मी त्यांना कोपऱ्यात गाठलं. "काहून बोलला नाहीत? एरवी माझ्या एका रेघेसाठी जीव खाता!"

"प्रेमानं केलं त्यायनं. प्रेमावर हातोडा मारू का?"

"तुम्हाला राग येत नाही?"

"येते ना. तुमच्याहून जास्त येते. पण काढू कोनावर, सांगा." त्यांचे डोळे भरले होते. माझेही भरले, पण माझे रागानं.

ते राळेगावला राहायला गेले. शाळा शांत झाली, हेडसर खूष. गेल्या महिन्यात मी व्हरांड्यातून जात होते, तर समोरून पाचवीतली एक मुलगी धावत आली. याच वर्षी मारेगावकडून आलेली, तिनं ती चित्रं पाहिलेलीच नव्हती. बेडूक होता तिथे येऊन तिनं पाय जोडले आणि कोऱ्या टाइलवर उडी मारली. पुढे बगळ्याच्या जागी एका पायावर थांबली. मी ओरडले, "ए, इथं कायले उडी मारली?"

ती घाबरली. "मले नाही माहीत, मॅडम. सगळे इथं मारतेत."

मी तिथूनच सरांना फोन लावला आणि सांगितलं. मग घसा खाकरून म्हणाले, "टाइल लय घसरते, मॅडम. पोट्टे पडतीन. काही तरी करा." कौतुक नाही, काही नाही, निवृत्त झाले तरी हुकूम सुरूच! मी चिडून फोन ठेवला. शाळा सुटल्यावर रंगाच्या दुकानात गेले आणि टाइलवर टिकणारा, न घसरणारा रंग आहे का, विचारलं. हेडसर काय म्हणतील ते म्हणोत.