कानशीच्या तीन रेघा

एक भलंमोठं, आत चालायला दोन वाटा असलेलं विमान माझ्यावाचून उडत नाही, असं मी प्रत्येक लग्नात पंगतीला बसलो की सांगतो. ते खरंही आहे. त्या विमानाच्या पंखात एक नळी असते. ती धरून ठेवणारा करंजीएवढा ब्रॅकेट कागलच्या एमआयडीसीत, माझ्या शेडमध्ये तयार होतो. ऐकणारा भारावतो आणि स्वतःच्या ताटातली जिलेबी मला देतो. मी जिलेबी खातो आणि गप्प बसतो. पुढचं सांगायचं त्राण हल्ली उरत नाही.

पुढचं असं आहे. विमान बनवणाऱ्यांना आता दोन्ही हवंय. चालू विमानं भराभर बाहेर पडायला हवीत, आणि त्याच विमानाचा नवा, लांबुडका अवतारही लवकर हवा. त्यांनी हे आमच्याकडून माल घेणाऱ्या बेंगळुरूच्या साहेबांना सांगितलं. साहेबांनी मला सांगितलं. मी कुणाला सांगणार? त्या कामाचं मशीन माझ्याकडे एकच. सहा दिवस त्यावर चालू विमानाचे जॉब, म्हणजे सुटे भाग. नव्याचा पहिला नमुना करायला उरला सोमवार, आमच्या सुट्टीचा दिवस. नमुना चौथ्या सोमवारनंतरच्या बुधवारी बेंगळुरूला पोचला नाही, तर नवं काम दुसऱ्या गावाला जाणार होतं. जुनं विमान काय, आज ना उद्या बंद होणारच. मग माझ्या शेडमधली चौदा माणसं करणार काय?

तीन सोमवार नुसत्या सेटिंगमध्ये गेले. चौथ्या सोमवारी दुपारी नमुना मशीनवरून उतरला. इतका देखणा, की मला त्याची दृष्ट काढावीशी वाटली. मी स्वतः चहा आणायला गेलो. मालकाने चहा आणावा असा तो प्रसंग होता.

परत आलो तर तपासणीच्या ताई भिंग लावून बसलेल्या. ताई मूळच्या शाहूवाडीकडच्या, बोलायला मऊ, पण सहीला कडक.

"सर, मापं बरोबर आहेत. पण कडेवर ह्या तीन रेघा कशाच्या?"

मी मिस्त्रींकडे पाहिलं. मिस्त्री शिवाजी पेठेतले, ऑइल इंजिनांच्या काळात घडलेले, माझ्याहून बारा वर्षांनी मोठे.

"कड बोचत हुती, मालक," ते म्हणाले. "जरा कानस फिरवली."

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"आता हे बी सांगाय लागतंय व्हय? चाळीस वर्षांत हात फिरवल्याबिगर जॉब सोडला न्हाय मी."

आणि ते खोटं नव्हतं. आमच्याकडे बोचऱ्या कडेचा जॉब गिऱ्हाइकाला देणं म्हणजे पाहुण्याला फुटक्या कपात चहा देणं. मलाही त्यांनीच हे शिकवलं होतं. पण विमानवाल्यांच्या कागदावर कडेसाठी एक ठरलेला ब्रश आहे, आणि कानस कुठेच नाही. कानशीची रेघ केसाएवढी असली तरी हादऱ्यांनी तिथूनच तडा सुरू होऊ शकतो.

"भिंगाशिवाय दिसत नाहीत ना ह्या?" मी ताईंना विचारलं. विचारलं, हे कबूल करतो. दमलेला माणूस काय वाट्टेल ते विचारतो.

"दिसत नाहीत. पण मी सही करणार नाही."

मिस्त्रींनी ताईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "त्या इमानात माणसं बसत्यात न्हवं?" एवढंच विचारलं. विमानाचा नाकारलेला जॉब नुसता भंगारात टाकून चालत नाही, कुणी चुकूनही वापरू नये म्हणून कापावा लागतो. त्यांनी तो शिकंज्यात धरला आणि हॅकसॉने स्वतः कापला. कापताना एकदाही वर पाहिलं नाही. मी दोन नाटकी वाक्यं तयार ठेवली होती, ती गिळली.

मग बेंगळुरूला फोन केला आणि जसं घडलं तसं सांगितलं. साहेबांनी तारखा पुन्हा विचारून घेतल्या. मला वाटलं, संपलं.

"एक आठवडा देतो," ते शेवटी म्हणाले. "पण चालू जॉब एकही कमी चालणार नाही."

म्हणजे काम अजून आमचं होतं. आनंदाने ओरडावं, तर मी खुर्चीत मटकन बसलो.

"म्हंजे फुडच्या सोमवारी बी सुट्टी न्हाय?" मिस्त्रींनी विचारलं.

"न्हाय."

"मग आमच्या घरात तुम्ही सांगा. चार सोमवार झालं, ती माझं ऐकायची न्हाय."

मी त्यांच्या घरी फोन लावला. वहिनींना पंख, नळी, ब्रॅकेट, नवं विमान, सगळं हातवारे करून सांगितलं, फोनवर दिसत नसताना.

"झालं सांगून?" त्या म्हणाल्या. "जेवलेत का ते?"

तेव्हा पावणेपाच वाजले होते आणि आम्ही तिघंही जेवलो नव्हतो.