मागाच्या खड्ड्यावरचे बिऱ्हाड

पुढे मांडलेल्या प्रकरणास जे जबाबदार आहेत, त्यांची नोंद आधी करतो. म्हणजे नंतर कोणी काखा वर करू नयेत.

चैत्र, १९५१. महाल भागातील एक घरमालक. माझ्या पत्नीच्या अवस्थेचे कारण सांगून खोली नाकारली.

वैशाख, त्याच वर्षी. सीताबर्डीवरील दुसरे घरमालक. पागडी मागितली आणि तिची पावती देण्यास साफ नकार दिला.

वैशाखअखेर. तांडापेठेतील एक कोष्टी दांपत्य. यांच्यावरील आरोप सर्वांत गंभीर आहे. म्हणून तो सविस्तर मांडतो.

मी तेव्हा सरकारी कचेरीत कारकून होतो. आम्ही उभयता एका स्नेह्याच्या पडवीत दिवस काढत होतो. त्यांची मंडळी गावाहून ज्येष्ठात परतणार होती, म्हणजे त्याआधी पडवी सोडणे भाग होते. पत्नी गरोदर. पहिले बाळंतपण माहेरी व्हावे ही रीत खरी, पण तिचे आईवडील दोघेही वारलेले. बाळ येईल त्या वेळी डोक्यावर स्वतःचे छप्पर असावे, एवढाच प्रश्न होता. आणि तो सुटत नव्हता.

न सुटण्याचे एक कारण माझी पद्धत होती, असे पत्नी आजही म्हणते. मला ते मान्य नाही. भाड्याने घर घेताना महत्त्वाची गोष्ट दडवणे ही मालकाची फसवणूक होय, असे माझे तेव्हाही मत होते. म्हणून मी प्रत्येक मालकापुढे सहीनिशी निवेदन ठेवीत असे: ‘अर्जदाराची पत्नी गरोदर असून प्रसूती याच घरी होण्याचा संभव आहे.’

महालातील मालकांनी ते वाचले आणि चष्मा काढला. “अहो, माहेर नाही का यांना? आमच्या घरात देव आहेत. इथे सोयर नको.”

मी म्हणालो, “भाडेकरूचे सोयर मालकाला लागते, असे कोणत्या शास्त्रात आहे ते दाखवा.”

“दाखवतो,” असे म्हणून त्यांनी मला दार दाखवले.

सीताबर्डीवरच्यांना सोयराची हरकत नव्हती. पागडीची पावती मागताच मात्र ते हसले. “पावत्यांची एवढी हौस असेल तर कचेरीतच राहा की!” त्यांच्याविरुद्ध मी अर्ज केला. त्याचे उत्तर अद्याप आलेले नाही.

वैशाखअखेरीच्या एका सकाळी आम्ही दोघे तांडापेठेतून जात असता गल्ली अडलेली आढळली. सुताचा लांबलचक ताणा आडवा बांधला होता आणि एक बाई कुंचा घेऊन त्याला खळ लावत होत्या. सार्वजनिक रस्ता असा अडवता येतो काय, हे मी विचारणार, तोच त्यांचे लक्ष पत्नीकडे गेले.

“बस वं बाई ओट्यावर. अशा उन्हात काहून फिरून राह्यली?”

पाणी आले. पत्नीने घराची अडचण सांगितली. मी रीतीप्रमाणे निवेदन पुढे केले.

“हे काय जी?”

“माझी पत्नी गरोदर असल्याबाबत निवेदन.”

“कागद काहून दाखवून राह्यले? पोट का दिसत नाही आमाले?” बाई एवढ्या मोठ्याने हसल्या की आत मागावर बसलेले त्यांचे यजमान बाहेर आले.

घर दोन खोल्यांचे, आणि दोन्ही खोल्यांत माग. जमिनीत खड्डा, विणकर त्यात पाय सोडून बसतो आणि पावड्या दाबतो. बाईंनी मागची खोली दाखवली. “इथला माग काढा. खड्डा बुजवा.”

यजमान चपापले. “माह्या बापाचा खड्डा हाय वं तो.”

“बाप का त्यात बसून हाय आता? लेकरू येऊन राह्यलं.”

त्यांनी आत जाऊन माग सोडवला. मग खड्ड्याला हळदकुंकू वाहिले, सुपारी ठेवली, हात जोडले. माती त्यांनी स्वतःच ओढली. मी हात लावू लागलो तर म्हणाले, “राहू द्या जी, हे काम माह्यं हाय.” त्यानंतर नवराबायको एकाच मागावर पाळीपाळीने बसू लागली.

त्या सारवलेल्या जमिनीवर माझी मुलगी जन्मली. बाईंनी शेगडी पेटवली, ओव्याची धुरी दिली, डिंकाचे लाडू वळले. बाराव्या दिवशी त्याच एका मागावर विणलेले लुगडे पत्नीच्या ओटीत घातले. माहेरचे लुगडे. मी पावती मागितली नाही.

पुढे आमच्या शहरातली राजधानी भोपाळला गेली. सहकाऱ्यांची बिऱ्हाडे हलली, आणि महालातील त्याच मालकांचा निरोप आला: खोली रिकामी आहे, यावे. त्यांना मी दोन पानी उत्तर पाठवले. आम्ही तांडापेठेतच राहिलो. मुलगी शाळेत जाऊ लागली तरी राहिलो.

विणकर आज हयात नाहीत. बाई आहेत. त्यांच्यावरील आरोप असा की, गेली कित्येक वर्षे त्या खोटे बोलत आहेत. आमच्यासाठी एवढे का केले, असे विचारले की त्यांचे ठरलेले उत्तर येते: “केलं काय त्यात? जागा होती, देल्ली.”

हे विधान वस्तुस्थितीस धरून नाही. मी साक्षीदार आहे.

येत्या मार्गशीर्षात माझ्या त्याच मुलीचे लग्न आहे. आजोळच्या मानाचा पाट या बाईंसाठी मांडला जाईल. माझी जाहीर मागणी अशी की, त्यांनी त्या पाटावर बसून, दोन्हीकडच्या मंडळींसमक्ष, एका प्रश्नाचे उत्तर द्यावे: १९५१च्या वैशाखात त्यांच्या घरात आमच्यासाठी जागा होती की नव्हती? उत्तर एका शब्दात हवे, आणि मागच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असे हवे.