फवारा कोन्ता मारू?
सॅनिटायझरचा वास आला की मला दिग्रसच्या शाळेतला कॉम्प्युटर आठवतो. विज्ञानाच्या मॅडमनी वर्गाच्या ब्लॉगवर लिहिलं होतं, आपल्या कातडीवर लाखो जंतू राहतात. मला आमच्या शेतातल्या पऱ्हाटीवरच्या, म्हणजे कपाशीवरच्या, अळ्याच दिसल्या. मी खाली टाइप केलं, ‘मॅडम, याच्यावर फवारा कोन्ता मारू?’ सगळा वर्ग हसला. मॅडमनी मात्र उत्तर लिहिलं, ‘मारू नकोस, ते तुझे राखणदार आहेत.’ दुसऱ्या दिवशी बाबा उघड्या अंगानं फवारणीला निघाले, तशी मी सदरा घेऊन वाटेत उभी राहिले. ‘बाबा, हा घाला, नाही तं तुमच्या अंगावरचे राखणदार मरतीन!’ ‘किती हायेत?’ ‘लाखो.’ ‘अन् तू त्यायले चहा बी नाही विचारला?’ म्हणत बाबांनी सदरा घातला. अजूनही सॅनिटायझरची बाटली दाबण्याआधी मी तळहाताकडे बघते आणि ओशाळते. चहाचं विचारायचं राहूनच गेलं.