मागच्या सीटची शिवण

"हेब!" असं कोनराड म्हणाला आणि घोटाळा झाला.

चूक त्याचीच. दक्षिण जर्मनीत, नेकार नदीकाठच्या त्याच्या गावात 'हेब' म्हणजे धर. वर हांबुर्गकडे 'हेब' म्हणजे उचल. गाडी बघायला हांबुर्गहून आलेले पेटरसनसाहेब अंगाने धिप्पाड आणि स्वभावाने आज्ञाधारक. खालचा पत्रा गंजलेला नाही हे दाखवायला कोनराडने मागच्या सीटचं एक टोक सोडवलं होतं, दुसरं त्यांनी नुसतं धरायचं होतं. त्यांनी ते असं काही उचललं, की चामडं आकड्यात अडकून वीतभर शिवण टर्रकन उसवली.

"अहो, धरा म्हटलं मी!"

"छे! उचला म्हणालात."

"दोघंही गप्प बसा," गाडीची मालकीण म्हणाली.

फ्राऊ इर्मगार्ट झाउटर, वय अठ्ठ्याहत्तर, कोनराडच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या. गाडी सत्तर सालची, निळी मर्सिडीज कूपे. डॉक्टरांनी डोळे तपासून गाडी चालवणं बंद करायला सांगितलं, म्हणून ती विकायला काढलेली. बाईंनी एकतीस वर्षं कारखान्यात अशाच गाड्यांच्या सीटा शिवल्या. स्वतः कामावर जायच्या सायकलवरून. नव्वद साली ही गाडी जुनी होऊन आवाक्यात आली, तेव्हा त्यांनी ती घेतली. नवऱ्याने विचारलं, "कशाला?" त्या म्हणाल्या, "बावीस वर्षं शिवतेय, बसले एकदाही नाही."

बाई वर जाऊन सुई, मेण लावलेला दोरा आणि अंगुस्तान घेऊन आल्या. गाडीतून काढलेली सीट गॅरेजच्या दाराशी, उजेडाला धरून बसल्या. पेटरसनना अगदी ओशाळल्यासारखं झालं.

"राहू द्या हो, त्रास कशाला घेता? नाही तरी मी सगळं चामडं नवंच घालणार आहे."

सुई थांबली.

"मग गाडी मिळायची नाही. कॉफी घ्या आणि निघा."

कोनराड कानाशी वाकला. "फ्राऊ झाउटर, महिन्याभरात दुसरं कुणी फिरकलेलं नाही."

"नाही तर नाही."

पेटरसन उकिडवे बसले, शिवणीवरून बोट फिरवलं. "ही सीट तुम्हीच शिवलेली?"

"कोण सांगणार? अठरा जणी होतो आम्ही. हिला माझा हात लागला असेल, नसेलही. त्या अठरांतल्या आता तिघीच उरल्यात."

चामड्याच्या दोन्ही कडा पेटरसननी जुळवून धरल्या, या वेळी कुणी न सांगता. बाई टाके घालू लागल्या. दोरा ओवायला दर वेळी कोनराड.

"जराशी वाकडी जातेय," पेटरसन हळूच म्हणाले.

"तेव्हा सरळ जायची."

सीट परत गाडीत बसली आणि कराराचा छापील कागद निघाला, तेव्हा बाईंनी कोनराडला खाली एक ओळ जास्तीची लिहायला लावली: सीटांचं चामडं बदलणार नाही.

"याला कोर्टात काही किंमत नाही हं," पेटरसन हसले.

"कोर्टात कशाला जातेय मी? तुमची सही बघितली की मला झोप लागेल."

पेटरसननी गाडीला एक फेरी मारली. आत डोकं घालून ती वाकडी शिवण पुन्हा बघितली. मग सही केली.

गाडी कोपऱ्यावर वळली, तेव्हा बाई फरशीवरचे दोऱ्याचे तुकडे वेचत होत्या.

"पाळेल का रे?"

"सही केली म्हणजे पाळेल. उत्तरेकडची माणसं तशी असतात."

"तुला काय माहीत?"

"काही नाही," कोनराडने कबूल केलं.

बाईंनी वेचलेले तुकडे खिशात टाकले. मग म्हणाल्या, "शिवण उसवायला तू कारण. माझ्या वाट्याचे दोन आठवडे जिना तू पुसायचास."

त्यांच्या इमारतीत जिना पुसायचं काम दर आठवड्याला एकेका घराकडे येतं. एक आठवडा त्याने पुसला. दुसरा अजून बाकी आहे. बाई त्याबद्दल एक शब्द काढत नाहीत. शनिवारी सकाळी बादली तेवढी त्याच्या दाराशी आणून ठेवतात.