चौदाव्या मजल्यावरच्या वाकट्या

आमची पहिली ओळख झाली ती मॅडमनी मला फोनवर झापण्यापासून. डॉ. शरयू पेडणेकर यांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात बाकीच्यांनी बरंच गोड लिहिलं असेल, म्हणून मी खरं तेच सांगते. मी तेव्हा नवी मुंबईतल्या एका रुग्णालयात फिजिशियन म्हणून नुकतीच लागले होते.

"आमच्या जनाबाईंना तुम्ही काल घरी सोडलंत ना?" पलीकडून आवाज आला.

"हो."

"घर पाहिलंत का त्यांचं?"

मी चाटच पडले. पेशंटचं घर कोण पाहतं? मी तसं बोलूनही दाखवलं. त्यावर त्या म्हणाल्या, "मग आज या. दवाखाना बंद केला की मी निघतेच आहे." आणि फोन ठेवून दिला. मला वेळ आहे का, हे विचारायची त्यांना गरज वाटली नव्हती. राग आला होता, तरी मी गेले.

मॅडम नेरूळला आल्या तेव्हा तिथे रस्त्यांपेक्षा चिखल जास्त होता. दिवसभर दवाखाना आणि तो बंद झाला की गावठाणात, नव्या चाळवजा इमारतींत घरोघरी जाऊन तपासणं, असा त्यांचा शिरस्ता होता. पुढे रुग्णालयं आली, रुग्णवाहिका आल्या, अन् घरभेटी संपल्या. "मी नाही हो बंद केल्या, लोकांनी बोलवायचं बंद केलं," असं त्या आजही फणकाऱ्याने सांगतात. मग सत्तरी उलटल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आपले जुने पेशंट दिसेनासे झालेत. ते दुसऱ्या डॉक्टरकडे गेले नव्हते. गुडघे आणि धाप यांनी त्यांना उंच इमारतींत अडकवून ठेवलं होतं. मॅडमनी माळ्यावरची बॅग खाली काढली. मुलांनी विरोध केला, ओळखीच्या डॉक्टर मंडळींनी डोक्याला हात लावला. ज्या वयात लोक डॉक्टरला घरी बोलावतात, त्या वयात या बाई डॉक्टर म्हणून घरोघरी निघाल्या होत्या! बरं, गाडीही स्वतःच चालवतात. ती कशी चालवतात, हे गौरवग्रंथात लिहिण्यासारखं नाही.

जनाबाई मूळच्या खाडीकाठच्या गावातल्या. मुलाने, हरेशने, सीवूड्सला टॉवरमध्ये फ्लॅट घेतला आणि आईला चौदाव्या मजल्यावर आणलं. त्यांचं हृदय अशक्त, फुफ्फुसात पाणी भरायचं. आमच्याकडे आल्या की ठणठणीत होऊन जायच्या आणि महिना उलटायच्या आत पुन्हा धापा टाकत यायच्या. घरातले सगळे थकले होते. आता पुन्हा ॲडमिट करावं लागलं, तर त्यांना पनवेलकडच्या एका केअर सेंटरमध्ये कायमचं ठेवायचं ठरलं होतं. जनाबाईंना ते कळलं होतं आणि त्यांनी घरच्यांशी बोलणंच टाकलं होतं.

गेटवर येणाऱ्यांची नोंद करायला वॉचमनने मोबाइल पुढे केला. "मॅडम, ॲपमदे गेस्ट हाय, कॅब हाय, डिलिव्हरी हाय. डॉक्टरचं ऑप्शनच नाय. डिलिव्हरी टाकू?"

"टाका. बॅगेत इंजेक्शन आहे, म्हणजे खोटंही नाही ते," मॅडम म्हणाल्या. मला मात्र ते ऐकून कसंसंच झालं. एवढ्या मोठ्या सोसायटीत डॉक्टर घरी येईल, हे कोणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

वर गेल्यावर मॅडमनी स्टेथोस्कोप बाहेरसुद्धा काढला नाही. त्या जनाबाईंच्या पलंगावर टेकल्या, सुजलेले पाय मांडीवर घेतले आणि विचारलं, "दुपारी काय जेवलीस ग?"

"मॅडम, मीठ नाय देत आमी," सूनबाई घाईने म्हणाली. "त्यांच्या भाजीत चिमूटभर पन नाय."

"मी जेवण विचारलं."

"भाकर," जनाबाई म्हणाल्या, "आनि दोन वाकट्या भाजल्या." वाकट्या म्हणजे खारवून वाळवलेली लांब मासळी. पलंगाखाली तिची मोठी बरणी होती, कोणापासूनही न लपवलेली. आईच्या तोंडाला चव नाही म्हणून हरेश दर आठवड्याला उरणच्या बाजारातून ती प्रेमाने भरून आणत होता.

मी हादरले. आमच्या फाइलीत सगळे रिपोर्ट होते, गोळ्यांचे वाढत गेलेले डोस होते आणि प्रत्येक डिस्चार्ज कार्डावर ठळक अक्षरांत 'मीठ वर्ज्य' होतं. त्यांच्या ताटात काय असतं, हे आमच्यापैकी एकानेही विचारलं नव्हतं.

"अहो, हे मीठच आहे!" मी जवळजवळ ओरडलेच.

"यो सुका म्हावरा हाय," जनाबाई माझ्यावरच उखडल्या. "मीठ त मी कवाच सोरलाय!" सून आणि दारात उभा असलेला हरेश, दोघांनीही मान डोलावली. त्यांच्या घरात मीठ म्हणजे डब्यातलं मीठ. सुकी मासळी ही मासळी, तिला मीठ कोण म्हणेल?

मॅडम हसल्या नाहीत की रागावल्या नाहीत. त्यांनी सूनबाईला ओट्यापाशी नेऊन ताजे बोंबील बिनमिठाचे, नुसत्या चिंचेच्या कोळात आणि ठेचलेल्या लसणावर कसे करायचे ते समजावलं. रोज सकाळी सासूचं वजन करून कळवायला सांगितलं. "एक तरी वाकटी?" जनाबाईंनी घासाघीस केली. "अर्धीसुद्धा नाही," मॅडम म्हणाल्या. जनाबाई रडल्या. मॅडम त्यांचा हात धरून बसून राहिल्या, पण बरणी घेऊनच उठल्या.

त्यानंतर जनाबाई आमच्या वॉर्डात आल्या नाहीत. केअर सेंटरचं नाव घरात निघत नाही. मी मात्र आता दर बुधवारी मॅडमबरोबर जाते, आणि अजूनही दर बुधवारी कुठल्या ना कुठल्या घरात शिरल्यावर हबकते. आपण काय काय न पाहता औषधं लिहितो, या विचाराने झोप उडते. मॅडम म्हणतात, "उडू दे. तेवढीच तुझी वाढ."

परवा या ग्रंथाविषयी मी जनाबाईंना सांगितलं आणि विचारलं, मॅडमना काय शुभेच्छा द्यायच्या?

त्यांनी आधी हात जोडले. "डाक्टरीनबायला शंभर वरसं मिलू दे. पन देवा, मना तिच्या आदी ने. ती गेल्यावर मना बगाला घरा कोन येल?"

मी त्यांच्यासमोरच बसले होते, गळ्यात स्टेथोस्कोप घालून. माझं नाव त्यांच्या मनातही आलं नाही.

मॅडम, तुम्हांला उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो. निदान जनाबाईंना तो प्रश्न पडेनासा होईपर्यंत तरी तुम्ही आम्हांला हव्या आहात.