चंदेरी रंग आणि तिळाचं तेल

माझ्या शिक्षणाचं श्रेय कुणाला, असं कोणी विचारलं की मी सर्वांत आधी वहिनींचं नाव घेतो, आई-वडिलांचं त्यानंतर. काही नातेवाइकांना ते खटकतं. आईला खटकत नाही. ती म्हणते, "खरा हाय ते."

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. लग्न होऊन त्या उल्हासनगरच्या कॅम्प चारमधून आमच्या बदलापूरच्या खरवईतल्या घरी आल्या, तेव्हा मी नववीत होतो. आमच्या घरात दहावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. शेताच्या बऱ्याचशा जागेवर इमारती उभ्या राहिल्या होत्या आणि वडील व भाऊ मिळून एक टेम्पो चालवत होते. बारावी झाली की मीही टेम्पोवर जायचं, हे जवळजवळ ठरलेलं होतं. एका सकाळी भाकऱ्या थापता थापता वहिनी म्हणाल्या, "टेम्पोला दोन माणसं पुरतात. तिसरा काय हॉर्न वाजवायला?" वडील हसले. त्या हसण्यातच माझं अंबरनाथच्या कॉलेजात जायचं नक्की झालं. पुढे पदवी मिळाल्यावर बँकेच्या परीक्षांचे फॉर्मही वहिनीच आपल्या मोबाइलवर भरायच्या, कारण मी एकदा स्वतःची जन्मतारीख चुकवली होती.

त्या स्वतः दहावीनंतर एका सिंधी बाईंच्या पार्लरमध्ये काम शिकल्या. लग्नानंतर हेंद्रेपाड्यातल्या पार्लरमध्ये जाऊ लागल्या. दिवसभर दुसऱ्यांच्या चेहऱ्यांना तऱ्हेतऱ्हेची क्रीमं लावून घरी आल्या की स्वतःच्या चेहऱ्याला मात्र फक्त तेल. घाण्यावरचं तिळाचं तेल आणि त्यात थोडंसं एरंडेल. मागच्या ओट्यावर बसून ते कोरड्या चेहऱ्यावर बोटांनी गोल गोल चोळायचं, जरा थांबायचं, मग गरम पाण्यात पिळलेलं सुती फडकं चेहऱ्यावर ठेवून हलकेच टिपून घ्यायचं. रस्त्याची धूळ, काजळ, पावडर, सगळं त्या फडक्यावर उतरायचं. साबण नाही, फेसवॉश नाही.

"आमची सून रोज तोंड तळते," आई शेजारणींना सांगायची.

"मंद आचेवर, आई," वहिनी फडक्याखालून उत्तर द्यायच्या.

मी हे वर्षानुवर्षं पाहत होतो आणि त्याच्याशी आपला काही संबंध नाही असं समजत होतो. संबंध आला तो पाडव्याच्या दिवशी.

तोवर मी बँकेच्या क्लार्कच्या मुख्य परीक्षेत दोनदा नापास झालो होतो. तिसरी परीक्षा रविवारी होती, आणि आदल्या दिवशी, शनिवारी, गुढीपाडवा. दरवर्षीप्रमाणे बदलापुरात स्वागतयात्रा निघणार होती. आमच्या मंडळाच्या चित्ररथाचा विषय होता कष्टकऱ्यांचे पुतळे. चार मुलं अंगाला चंदेरी रंग लावून, हातात अवजारं घेऊन न हलता उभी राहणार होती. त्यातला एक शुक्रवारी तापाने आडवा झाला. मंडळातला एक मित्र माझ्याकडे आला.

"फक्त उभं राहायचंय रे. नांगर हातात, बस. तू असाही बँकेत लागलास की पुतळ्यासारखाच बसणार."

मी हो म्हणालो. घरी मात्र सांगितलं की सकाळपासून अभ्यासिकेत बसतो, शेवटची उजळणी करतो. वहिनींनी सणाचा स्वयंपाक पहाटेच उरकून मला श्रीखंड-पुरीचा डबा भरून दिला. तो डबा मी चित्ररथावर गवताच्या पेंढ्यांमागे लपवला. ओठांवरही रंग होता, त्यामुळे तो उघडताच आला नाही.

रंग आणायचं काम आमच्यातल्या एकाकडे होतं. तो कॅम्प चारमधल्या एका कारखान्यात दुकानांच्या पाट्या आणि शटर रंगवायचा. नाटकवाल्यांचा रंग पाण्याने जातो हे त्याला माहीत होतं. पण तो आणायला कल्याणला जावं लागलं असतं, म्हणून त्याने कारखान्यातला ऑइल पेंटचा डबा उचलून आणला. ब्रश चेहऱ्यावर फिरला तेव्हाच मला वास आला होता. मी विचारलं तर म्हणाला, "माझ्या हाताला रोज लागतो. मला काय झालं?" बाकीच्यांनी फक्त हातांना आणि मानेला लावला होता, तोंडाला मुखवटे होते. चौथा मुखवटा तापाने पडलेल्या मुलाकडेच राहिला होता. पूर्ण चेहरा रंगवून घेणारा मी एकटा.

दुपारी बारा वाजता यात्रा संपली. नळावर साबणाने तोंड धुतलं. रंग हलला नाही, फक्त फेस राखाडी झाला. दुसऱ्यांदा धुतलं, तिसऱ्यांदा धुतलं. मग त्या पेंटर मित्राने थिनरमध्ये बोळा भिजवून माझा उजवा गाल घासला. रुपयाएवढी जागा मोकळी झाली आणि त्या जागेवर निखारा ठेवल्यासारखी आग होऊ लागली. मी ओरडून त्याचा हात झटकला.

मला घाम फुटला तो त्या आगीने नाही. प्रवेशपत्रावरच्या सूचना मला पाठ होत्या. परीक्षेच्या दाराशी कॅमेरा असतो. उमेदवाराचा चेहरा पूर्वपरीक्षेत काढलेल्या फोटोशी जुळला तरच आत सोडतात. चेहरा ओळखता येणार नाही असं काही करून येऊ नये, असंही त्यात स्पष्ट लिहिलेलं होतं. उद्या सकाळी साडेआठला मला त्या दारात उभं राहायचं होतं, आणि आत्ता मी चांदीच्या भांड्यासारखा चमकत होतो.

टॉवेल तोंडाला गुंडाळून घरी आलो. आई दारात गुढीजवळ बसली होती.

"कोन रं तू?"

"मी आहे, आई."

टॉवेल काढला. आईने कपाळाला हात लावला. "अरं देवा! राखेनं घासू काय? रॉकेल हाय थोरा घरात."

"काही लावू नका, आई!" आतून आवाज आला. पार्लर दुपारी बंद करून वहिनी नुकत्याच आल्या होत्या. त्या बाहेर आल्या, माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला, कानामागे पाहिलं, गालावरच्या लाल डागाचा वास घेतला.

"थिनर?"

"हो."

"अभ्यासिकेत रंगकाम चालू होतं वाटतं."

मी खाली पाहिलं. त्यांनी पंखा लावून ओट्यावर चटई टाकली, वडिलांच्या जुन्या धोतराची फडकी केली, आईला चुलीवर पाणी ठेवायला सांगितलं आणि तेलाची बाटली घेऊन बसल्या.

"झोपा. डोळे मिटा. आणि हात चेहऱ्याला लावायचा नाही. चेहरा म्हणजे पातेलं नाही, घासून निघायला."

त्यांनी तळहातांत तेल चोळून कोमट केलं आणि आधी नुसतेच हात माझ्या चेहऱ्यावर ठेवले. मग बोटं फिरू लागली. हनुवटीपासून वर, नाकाच्या कडेने, कपाळावर. जोर अजिबात नव्हता. मला वाटत होतं, एवढ्याने काय होणार? पाच मिनिटं झाली, दहा झाली. मग गरम फडकं चेहऱ्यावर पडलं आणि मी कित्येक तासांनी पहिल्यांदा नीट श्वास घेतला. त्यांनी फडकं उचलून मला दाखवलं. त्यावर माझ्या कपाळाची राखाडी पट्टी उमटली होती.

"सुटतोय," त्या म्हणाल्या. "रंग तेलाचा आहे, तेलातच विरघळेल. खालिस तेल आहे, भेसळ नाही, घाई नको. आमच्या कॅम्पातल्या पार्लरच्या दीदी नवरीचा मेकअपसुद्धा असाच उतरवायच्या."

"किती वेळ लागेल?"

"का, अभ्यासिकेत परत जायचंय?"

आई फिस्सकन हसली. मलाही हसू आलं आणि ओठांवरचं तेल तोंडात गेलं.

दुसऱ्या खेपेला त्यांनी एरंडेल जरा जास्त घातलं. ते दाट आणि चिकट असतं, म्हणून भुवया आणि केसांच्या कडेला लावून तसंच ठेवलं. मध्ये अर्धा तास थांबायचं होतं. मी अस्वस्थ होऊन चुळबुळ करू लागलो, तेव्हा त्यांनी माझी वही मागवली आणि एका हाताने पानं उलटत प्रश्न विचारायला सुरुवात केली.

"रेपो रेट म्हणजे काय?"

मी डोळे मिटूनच व्याख्या म्हटली.

"हे पुस्तकातलं झालं. आईंना कळेल असं सांगा."

मी सांगितलं की बँकांनाही कधी पैसे लागतात, तेव्हा त्या मोठ्या बँकेकडून घेतात आणि त्यावर व्याज भरतात. तो व्याजाचा दर.

"म्हंजी बँकंलापन उसनं लागतं?" आई म्हणाली. "मग ती आपल्याला कनाला एवरा दरडावते?"

वहिनींनी पुढचा प्रश्न घेतला. माझ्या लक्षात आलं की उत्तर चुकलं की त्या वहीत न पाहताच "ऊंहूं" म्हणत होत्या. तीन वर्षं स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडे मी मोठ्याने पाठ करत होतो, आणि ते भिंतीच्या दोन्ही बाजूंना पाठ झालं होतं.

तिसऱ्या खेपेनंतर त्या थांबल्या. पाणी पुन्हा तापायला ठेवलं होतं. आई आत होती. तेव्हा त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मला विचारलं असतंत तर मी नको म्हटलं असतं. तरीही तुम्ही गेला असतात, तर मी चिडले असते आणि विसरले असते. खोटं कशाला बोललात?"

माझे डोळे मिटलेलेच होते, हे बरं झालं.

त्यांनी उत्तराची वाट पाहिली नाही. फडकं पिळलं आणि चौथ्यांदा सुरुवात केली. पापण्यांसाठी कापसाची काडी तेलात बुडवून पापणीच्या मुळाशी केसागणिक फिरवली. जळलेल्या गालाला त्यांनी हात लावला नाही. तिथे फक्त ओलं थंड फडकं ठेवत राहिल्या. "उद्या सुजलं किंवा फोड आला तर परीक्षेनंतर डॉक्टरकडे जायचं. भाजलेलं तेलाने बरं होत नाही," असं बजावलंही. संध्याकाळी सहा वाजता त्यांनी आरसा माझ्या हातात दिला. चेहरा माझा होता. लालसर, तेलकट, उजव्या गालावर डाग असलेला, पण माझा. मी आरसा घेऊन इतका वेळ बसलो की आई म्हणाली, "आता बास. नवरदेव हायस काय?"

सकाळी निघताना वहिनींनी उंबऱ्यावर थांबवून कानाच्या घडीतला उरलेला रंग काडीने काढला आणि चेहऱ्याला पुन्हा तेलाचं बोट लावलं. "कोरडा पडलाय," म्हणाल्या.

परीक्षेच्या दाराशी कॅमेऱ्यासमोर उभा राहिलो. पडद्यावर लाल चौकोन आला. जुळत नाही. टेबलावरच्या माणसाने मान वर केली.

"गालाला काय झालं?"

"रंग काढताना लागलं, सर."

"होळी होऊन पंधरा दिवस झाले की."

"आमच्याकडे जरा उशिरा झाली."

तो हसला. मग माझ्या कपाळाकडे बघत म्हणाला, "अहो, तेल पुसा आधी. दिवा चमकतोय त्याच्यात. कॅमेऱ्याला तोंडच दिसत नाही."

मी रुमालाने तोंड पुसलं. चौकोन हिरवा झाला. त्या हिरव्या रंगाने मला जेवढं हायसं वाटलं, तेवढं नंतर निकालानेही वाटलं नाही. आत जाऊन संगणकासमोर बसलो. पेपर कठीणच होता, पण मला त्याची भीती वाटत नव्हती.

आता मी अंबरनाथच्या एका शाखेत खिडकीवर बसतो. संध्याकाळी घरी आल्यावर मीही तेलाने चेहरा स्वच्छ करतो. सुरुवातीला भाऊ हसला, आता कधी कधी बाटली मागतो, टेम्पोचा धूर चेहऱ्यावर बसतो म्हणून. माझ्या शाखेतल्या एकाला खोबरेलाने पुटकुळ्या आल्या. वहिनी म्हणाल्या, सगळ्यांना सगळं तेल चालत नाही, आधी कानामागे लावून दोन दिवस बघायला सांगा.

नोकरी लागल्यावर सुरुवातीचं प्रशिक्षण पुण्याला होतं. तिथून रोज फोन व्हायचा, पण काही गोष्टी फोनवर बोलता येत नाहीत. म्हणून मी एक पत्र लिहिलं आणि पोस्टाने पाठवलं. ते असं होतं:

"आदरणीय वहिनी,
सा. न. वि. वि.

मी बरा आहे. गालावरचा डाग आता माहीत असेल त्यालाच दिसतो. इथे सकाळी नऊ ते सहा वर्ग असतात. जेवण ठीक आहे, भाकरी मिळत नाही.

पाडव्याच्या दिवशी तुम्ही विचारलं होतं, खोटं कशाला बोललात. मी तेव्हा गप्प बसलो. मुलांनी आग्रह केला म्हणून गेलो, असं मी नंतर दादाला सांगितलं. तेही खरं नाही. त्यांनी एकदाच विचारलं आणि मी लगेच हो म्हणालो.

मला वाटत होतं की मी तिसऱ्यांदाही नापास होणार. आदला दिवस वाया गेला असता तर सांगायला काहीतरी झालं असतं. अभ्यास करून नापास झालो, हे तुमच्यासमोर तिसऱ्यांदा सांगायची माझी हिंमत नव्हती. तुम्हाला आधी विचारलं असतं तर तुम्ही माझ्या तोंडाकडे बघूनच हे ओळखलं असतं, म्हणून विचारलं नाही.

तुम्ही साडेचार तास बसून माझा चेहरा साफ केलात आणि एकदाही परीक्षेत काय होईल हे बोलला नाहीत. त्या दुपारी मला पहिल्यांदा वाटलं की मी नापास झालो तरी या घरात माझं ताट असणार आहे. दुसऱ्या दिवशी मी त्याच्यामुळे पेपर नीट सोडवू शकलो. हे तुम्हाला सांगायचं राहिलं होतं.

यापुढे तुमच्याशी खोटं बोलणार नाही. चिडलात तर चिडा.

शनिवारी संध्याकाळी येतो. आईला नमस्कार सांगा.

आपला,
धाकटा दीर"