विकणाऱ्यानं भरायचं

समोरच म्हशीची धार काढून देणाऱ्या आमच्या दूध कट्ट्यावर एक गृहस्थ रोज भेटतो. आधी ग्लासातला फेस फुंकतो, मग मिशा पुसतो, मग माझं डोकं खातो. त्याच्या जावयानं बार्बाडोसला घर घेतलं तेव्हापासून मी, करसल्लागार असल्यामुळं, तावडीत सापडलोय.

"तिकडं घराच्या खरेदीचा स्टँप, म्हंजे ती स्टँप ड्युटी, कोण भरतंय?"

"विकणारा. हस्तांतरणाचा करही तोच भरतो."

"न्हाय ओ सर. घेणाराच भरतोय की. जगात असंच हाय."

मग तो दूधवाल्याला विचारतो, पेंड घेऊन आलेल्याला विचारतो, आणि सगळ्यांचं मत घेऊन माझ्याकडं कीव आल्यासारखा बघतो. परवा मी अख्ख्या कट्ट्यासमोर ओरडलो, "विकणाराच भरतो!"

काल कट्ट्यावरच माझ्या कोडोलीच्या प्लॉटचा सौदा त्याच्याशी ठरला. हातात हात दिल्यावर तो शांतपणे म्हणाला, "स्टँप तेवढा तुम्ही भरा."

"अहो, इथं घेणारा भरतो."

"परवा काय म्हणालासा सर? विकणाराच भरतोय. सगळ्यांनी ऐकलंय की."

दूधवाल्यानं धार काढता काढता मान हलवली. म्हशीनंही हलवली.